कूपनापायी रविवार वाया

अहो, कूपन लावण्याआधी खालच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा ना! ५०% सूट, पण कमाल १०० रुपये आणि किमान खरेदी ९९९ची. घरची यादी होते ७६०ला. मग आकडा गाठायला २३९चे नूडल्स अन् बॉडी वॉश. भरले ८९९. म्हणजे १३९ जास्तच गेले की! वर पहिल्या ऑर्डरच्या सवलतीसाठी सासूबाईंचा नंबर, दिराचा नंबर, ओटीपीसाठी हाकांवर हाका, आणि अकरा वाजले तरी पोरांना नाश्ता नाही.

‘एकावर एक फ्री’चं बेसन-रवा तर सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घेऊच नये. उघडलेल्या पाकिटाला त्या उकाड्यात लवकर जाळी धरते, किडे होतात. लागेल तेवढंच घ्या, हवाबंद डब्यात ठेवा. तारीखही बघा, फ्रीवाल्या मालाची कधीकधी जवळच आलेली असते.

आणि तेल! पाकीट लिटरचंच वाटतं, आत ८०० नाहीतर ८५० मिली. एमआरपीशेजारी ग्रॅमचा किंवा मिलीचा दर छापलेला असतो, तो ताडून बघायला दहा सेकंद लागतात. तेवढे मात्र कुणाकडे नसतात. नवी पेठेत सेलच्या गर्दीत पोरांना घेऊन तासभर उभं राहायला असतात.