काका, पान उलटा!

उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथला चढताना मी दाखवलेल्या ओकच्या झाडाला ओक मानायला एका काकांनी साफ नकार दिला. तोही अख्ख्या ग्रुपसमोर. राग अजून पुरता उतरलेला नाही.

"अहो, ओकचं पान असं असतं होय?" काकांनी मोबाइल नाचवला. पडद्यावर युरोपातल्या ओकचं पान, कडेला गोल गोल खाचा. "हे बघा, लाटालाटांचं! आणि तुमचं? काटेरी. झाडं ओळखणारं ॲपही होलीच म्हणतंय. ती नाताळात सजावटीला लावतात ती."

"काका, हिमालयातल्या ओकांना तशा खाचा नसतात. पान उलटून तर बघा."

"सुलट्याचाच पत्ता नाही, उलटून काय करू?"

ग्रुप हसला. सगळी मेख उलट्या बाजूलाच असते, पण ऐकतो कोण! बांज, मोरू, खरसू ही इथल्या ओकांची नावं. बांजचं दातेरी पान वरून गर्द हिरवं, खालून पांढुरक्या लवेचं. वारा सुटला की झाड रुपेरी दिसतं. मोरूचं जून पान दोन्हीकडून हिरवं आणि गुळगुळीत. खरसूच्या पानाखाली गंजकट तपकिरी लव. उंचीचीही मदत होते. बांज साधारण 2300 मीटरपर्यंत, मोरू 2000 ते 2700 च्या पट्ट्यात, खरसू 2400 च्या वर. मात्र हे पट्टे एकमेकांत घुसतात, त्यामुळे नुसत्या उंचीवर विसंबून चालत नाही.

त्यात आमच्या वादातला खरसू महाखोडकर. रोपावर आणि खालच्या फांद्यांवर पानं काटेरी, मोठ्या झाडाच्या शेंड्याकडे बिनकाट्याची. हाताला लागतं ते नेमकं काटेरी, आणि ॲपला त्याचाच वरून काढलेला एक फोटो मिळतो. म्हणून पानं दोन-तीन ठिकाणची बघावीत. होली याच जंगलांत असते हे खरं, पण तिचं पान खालून गुळगुळीत आणि फळं लाल. ओकच्या डहाळीच्या टोकाला कळ्यांचा झुबका असतो, फळ वाटीत बसलेलं असतं.

"मग सालीवरून सांगा!" काकांनी खिशातून चाकू काढला.

सालीचं गणित अमेरिकेत बरं जमतं. तिथल्या लाल ओकच्या खोडावर भेगांच्या मधे सपाट, चकचकीत उभे पट्टे दिसतात. इथे कोवळं खोड गुळगुळीत, म्हातारं भेगाळलेलं, आणि वर शेवाळाची गोधडी. साल शेवटी बघायची, तीही डोळ्यांनी. काकांनी टवका उडवलाच. सालीखालच्या जिवंत थरापर्यंत चाकू गेला की कीड-बुरशीला दार उघडतं. आधीच चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी ही झाडं छाटून छाटून बोडकी होतात, वर हे हौशी तपासनीस! कुणी अडवलं नाही. उलट जखमेचाही फोटो निघाला.

खरसूची फळं पावसाळ्यात गळतात, वाट्या मागे राहतात. बुंध्याशी त्यांचा सडाच होता. एक उचलून काकांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती निरखून पाहिली. "कुणीतरी आणून टाकली असेल," म्हणाले.