व्हिडिओ अडखळतो, त्यात केबलचा काय दोष?

कॉम्प्युटर टीव्हीला जोडून सिनेमा लावला आणि चित्र अडखळू लागलं, की एक ठरलेला सल्ला मिळतो. व्हॉट्सॲपवर तो फिरतो, दुकानातही तोच ऐकू येतो: एचडीएमआय केबल हलकी आहे, सोन्याचा मुलामा दिलेली 'फोरके' (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याच्या चित्राची) केबल घ्या, तरी भागलं नाही तर रॅम वाढवा, नाहीतर नेटचा मोठा प्लॅन घ्या. वर पुरावाही दिला जातो: लॅपटॉपच्या पडद्यावर नीट दिसतं ना, मग दोष मधल्या वायरीचाच.

आधी हा पुरावाच पाहू, कारण पटकन पटतो तो हाच. लॅपटॉपवर आणि टीव्हीवर तुम्ही बहुतेकदा एकच गोष्ट पाहत नसता. लॅपटॉपचा पडदा फुल एचडी असेल तर यूट्यूब 'ऑटो'वर साधारण १०८०पी, म्हणजे फुल एचडी चित्र पाठवतं. फोरके टीव्हीवर तेच पूर्ण पडदाभर लावलं की २१६०पी, म्हणजे फोरके येऊ लागतं, चौपट पिक्सेल. काम वाढलं ते कॉम्प्युटरचं. त्यात दोन्ही पडद्यांवर एकच चित्र चालू ठेवलं असेल तर आणखी गोंधळ, कारण दोघांचा चित्र बदलण्याचा वेग वेगळा असू शकतो. विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून फक्त टीव्हीचा पडदा निवडा, मग बोला.

आता केबल. व्हिडिओ दाबून लहान करून साठवलेला असतो; केबलमधून जातं ते कॉम्प्युटरने पूर्ण उलगडून तयार केलेलं चित्र, आणि वाटेत काही हरवलं तर ते पुन्हा मागवायची सोय त्यात नाही. म्हणून खराब केबलची लक्षणं वेगळी असतात: पांढरे ठिपके चमकतात, पडदा मध्येच काळा होतो, किंवा 'नो सिग्नल' येतं. चित्र थबकलं आणि मग पुढे उडी मारली, हे केबलचं काम नव्हे. सोन्याच्या मुलाम्याने टोकं गंजत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग.

सल्ल्यात तथ्याचा कण आहे तो वाटेच्या क्षमतेबद्दल. २००९ च्या एचडीएमआय १.४ या आवृत्तीतून फोरके चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० वेळा जायला २०१३ चं २.० लागतं. जुन्या लॅपटॉपचा पोर्ट, स्वस्तातला टाइप-सी ॲडॉप्टर किंवा टीव्हीच्या त्या पोर्टची बंद असलेली सेटिंग, यांपैकी काहीही ३० वर अडकवतं. माऊसचा बाण फरफटत चालल्यासारखा दिसला तर हेच समजा. नवी केबल आणून पोर्ट बदलत नाही.

पण सिनेमाच्या बाबतीत ६० मिळूनही भागत नाही, आणि हे सल्ला देणाऱ्यांच्या गावीही नसतं. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. ६० ला २४ ने नि:शेष भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असं दाखवलं जातं; एक १/२० सेकंद टिकतं, दुसरं १/३० सेकंद. कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा हे हिसके स्पष्ट जाणवतात. ना काही बिघडलेलं असतं, ना काही विकत आणायचं असतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) २४ करा. कोडीसारखे व्हिडिओ प्लेअर सांगून ठेवलं तर हे आपोआप करतात. क्रिकेट बघताना मात्र परत ५० किंवा ६० वर या.

थबकणं याहून ढोबळ असेल, आवाज सुरळीत आणि चित्र मागे, तर बहुधा व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरवर पडलंय. एचईव्हीसी आणि एव्ही१ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती. दहा-बिटांचा (जास्त रंगछटांचा) एचईव्हीसी इंटेल प्रोसेसरच्या सातव्या पिढीपासून चिप स्वतः उलगडते, एव्ही१ अकराव्या पिढीपासून. त्याआधीच्या मशीनवर फोरके फाइल लावून केबलला शिव्या देण्यात अर्थ नाही. खात्री करायला पैसे लागत नाहीत: यूट्यूबवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा, गळालेल्या फ्रेम्सचा, म्हणजे दाखवायच्या राहून गेलेल्या चित्रांचा आकडा वाढतोय का पाहा. वाढत असेल तर १०८०पीवर या. टीव्ही पलंगापासून दहा फुटांवर असेल तर फरक शोधावा लागेल.

रॅमचं म्हणाल तर आठ जीबी असेल आणि ब्राउझरमध्ये पन्नास टॅब उघडे नसतील, तर व्हिडिओसाठी आणखी घालून काही साधत नाही. नेटचं तर त्याहून सोपं आहे. गोल फिरणारं चक्र दिसलं तरच नेटवर संशय घ्या. नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. हार्ड डिस्कवरची फाइल अडखळत असेल तर प्लॅनचा तिच्याशी संबंधच नाही.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ती बहुतेकदा टीव्हीची करामत. चित्र 'सुधारण्यात' तो वेळ घालवतो आणि आवाज पुढे निघून जातो. टीव्हीचा गेम मोड लावा, त्यात ही सुधारणा कमी होते. व्हीएलसी या प्लेअरमध्ये के ही कळ दाबली की दर वेळी आवाज ५० मिलिसेकंद मागे सरकतो.