एक स्टार देणाऱ्या ऑक्टाव्हियाच्या मालकांना उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. तेव्हाच लिहायला बसलो होतो, पण आधी जॉब कार्ड काढलं आणि पोरांना विचारून घेतलं. तुमचं म्हणणं असं, की स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्या पुढून येणाऱ्या आवाजासाठी गाडी तीनदा आमच्याकडे आली, एकूण ११ दिवस राहिली, १३,६०० रुपये गेले आणि आवाज जागच्या जागी. मग दुसऱ्या गॅरेजवाल्याने १० मिनिटांत सबफ्रेमचा, म्हणजे इंजिनाखालच्या जाड चौकटीचा, बोल्ट आवळला आणि आवाज गायब.

लिंक रॉड, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनमधल्या छोट्या दांड्या, आम्ही अंदाजाने बदलले, ही आमची चूक. पुण्यातले स्पीडब्रेकर खाऊन आलेल्या गाडीत बहुतेक वेळा लिंकच गेलेला असतो, त्या सवयीने हात तिकडे गेला. दोन्ही लिंक सोडून, बाजूला बांधून गाडी गल्लीत एक चक्कर मारून आणली असती तर आवाज तिथला नाही हे लगेच कळलं असतं. मी स्वतः पोरांना हेच शिकवतो, आणि त्या दिवशी मीच घाई केली. लिंक आणि फिटिंगचे ७,४०० रुपये आज तुमच्या खात्यावर परत पाठवतोय.

पण आवाज का सापडत नव्हता, तेही सांगतो. ती खटखट नव्हतीच. सोसायटीच्या पार्किंगमधून रिव्हर्स घेऊन गाडी पुढे टाकली की एकदाच 'टक्', मग कितीतरी वेळ काही नाही. आम्ही स्ट्रटला आणि लोअर आर्मला चिमट्याचे माइक लावून कात्रजचा जुना घाट चढून-उतरून आलो. शांत! रॅम्पवर पहार लावून बुश, बॉल जॉइंट, टॉप माउंट सगळं हलवून पाहिलं. घट्ट.

 चाकाला खालून धरणारे लोअर आर्म आणि स्टिअरिंग रॅक सबफ्रेमवरच बसतात. तिचा बोल्ट सैल असला की रिव्हर्समध्ये ब्रेक लागताच बोल्टच्या भोकात जेवढी ढिली जागा असते तेवढी ती सरकते आणि तिथेच बसून राहते. पुढे जाताना ब्रेक मारला की परत उलटी सरकते, पुन्हा एक 'टक्'. घाटात गाडी सतत पुढेच चालली होती, रिव्हर्स नव्हताच, मग ती कशाला बोलेल? आणि रॅम्पवर चाकं लोंबकळत असतात, गाडीचा भार चाकांवरून आर्मवर येतच नाही.

मला खरी बोच लागली ती वेगळीच. उत्तर आमच्याच अलाइनमेंटच्या कागदावर छापलेलं होतं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, डावीकडे उणे १.३ अंश, उजवीकडे उणे ०.९. गाडी खाली बसवणारे स्प्रिंग टाकलेत म्हणून असेल, असं म्हणून मी कागद फाइलला लावला. स्प्रिंगने दोन्ही चाकं साधारण सारखीच झुकायला हवीत. एका बाजूचा कॅम्बर वाढून दुसऱ्या बाजूचा कमी झाला, तर आधी सबफ्रेमकडे बघायला हवं. दिवाळीत बाहेर गिअरबॉक्स उतरवला होता, हे मला तुमच्या रिव्ह्यूतच कळलं. त्या कामाला बहुतेकदा सबफ्रेम खाली घ्यावी लागते. तुम्ही सांगितलं नाहीत, पण विचारायचं काम आमचं होतं.

शोधकामाचे ४,८०० मात्र परत देणार नाही. "नुसतं बघण्याचे पैसे" असं तुम्ही लिहिलंय. तासन् तास माणूस गाडीखाली होता, आणि काय काय ठीक आहे याची आमची यादी घेऊनच तुम्ही पुढच्या गॅरेजला गेलात. त्या मिस्त्रीचं डोकं चाललं हे मान्य, भेटला तर चहा पाजीन.

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं. तो बोल्ट नुसता आवळून चालत नाही. आवळताना तो ताणला जातो, म्हणून एकदाच वापरायचा असतो. नवा टाकून टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आणायचा आणि त्यापुढे अंश मोजून फिरवायचा. शिवाय आवळण्याआधी सबफ्रेम मधोमध आणली नसेल, तर ती सरकलेल्या जागीच घट्ट झाली. आवाज गेला तरी कॅम्बर तसाच राहील आणि टायरची आतली कड झिजेल. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित वाकडं राहतंय का, तेवढं बघा.

एक्सप्रेसवेला जाण्याआधी सगळे बोल्ट नवे टाकून घ्या आणि अलाइनमेंट करून घ्या. आमच्याकडे, त्या मिस्त्रीकडे किंवा कंपनीच्या वर्कशॉपला, कुठेही. आमच्याकडे आलात तर फक्त बोल्टचे पैसे द्या. गुरुवारी बंद असतो. तुमचे जुने लिंक रॉड गाडीचा नंबर टाकून खोक्यात ठेवलेत. चांगले आहेत, तेही घेऊन जा.