मिस्टर दुबईला असतात

मुलाचं भलं व्हावं असं वाटत असेल तर अभ्यास, झोप, दूध-बदाम हे सगळं नंतर बघू, आधी घरातली माणसं मोजा. आई एक, बाबा एक. भरले? बास, मूल आता आपोआप घडणार.

बाबा घरात दिसायलाच पाहिजेत असं काही नाही हं, लोक उगाच घाबरतात. सकाळी मूल झोपेत असताना लोकल पकडायची, रात्री साडेदहाला परत यायचं, तेव्हाही मूल झोपेतच, आणि रविवारी केस कापायला आणि गाडी धुवायला मोकळं. फॉर्मवर नाव आहे ना, मग कुटुंब पूर्ण.

भांडणं तर करायचीच, संसार आहे. फक्त मुलांसमोर नको. आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगमध्ये वरच्या वनबीएचकेत यावर छान उपाय काढलाय, भांडण सुरू झालं की मिक्सर लावतात. रात्री सव्वाअकराला. कोरडाच फिरतो, आवाजावरून कळतं. त्यांची सात वर्षांची पोरगी परवा लिफ्टमध्ये मला म्हणाली, काकू, काल आमच्याकडे खूप चटणी झाली.

पण घर मोडलेलं नाही बरं का.

आता माझ्यासारखं तुमच्या घरात एक माणूस कमी भरत असेल तर थोडी मेहनत आहे. कागदपत्रांचं टेन्शन घेऊ नका, कायदा तुमच्या बाजूने आहे. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक आधी वडील आणि त्यांच्या 'नंतर' आई असं लिहिलंय, पण १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की नंतर म्हणजे वडील वारल्यावरच असं नाही, ते मुलाकडे बघतच नसतील तरी आई पालक. २०१५ मध्ये तर लग्न न झालेल्या आईलाही वडिलांचं नाव न सांगता पालकत्व मागता येईल असा निकाल आला, आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव आधी, वडिलांचं मग. हे सगळं नीट पाठ करा आणि शाळेच्या खिडकीवर जा. आतून आवाज येईल, "ताई, वडिलांची सही राहिली."

शिवाय सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपये. बसत असाल तर जरूर घ्या. कागद गोळा करायला ठाण्याच्या फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला हाफ डे कापला जातो, तेवढं मनावर घेऊ नका.

एकटीने वाढवलेली मुलं मागे पडतात म्हणतात. पडतातही कधी कधी. एका पगारात भाडं, पाळणाघर, क्लास, रिक्षा, आणि संध्याकाळी पाढे घ्यायला बसलं की आईचाच डोळा लागतो. पण हे कुणाला सांगू नका, हिशोब ऐकायला कंटाळा येतो. "बाप नाही ना घरात" एवढं पुरतं, सगळ्यांना पटतं पण पटकन.

आणि भाड्याचं घर बघताना "मिस्टर कुठे असतात?" याला खरं उत्तर चुकूनही देऊ नका. मी दोन ठिकाणी दिलं, दोन्हीकडे "कळवतो" म्हणाले ते अजून कळवतायत. तिसऱ्या ठिकाणी दुबई म्हटलं, चावी मिळाली. फक्त खर्च वाढतो, कारण दिवाळीला मालकीणबाई विचारतात खजूर नाही का आणला, मग दरवर्षी एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून अर्धा किलो आणायचा, वरचं लेबल काढायचं आणि साध्या डब्यात भरून द्यायचा.

मुलाला मात्र आधी पढवून ठेवा, मी विसरले. मिस्टर तीन स्टेशनं पलीकडे असतात. यावेळी खजूर द्यायला गेलो तर मालकीणबाईंनी लाडाने विचारलं, बाबा कधी येणार रे? हा म्हणाला, रविवारी, ऐरोलीहून.

"एअरपोर्टहून म्हणतोय," मी म्हटलं.