‘स्लाइड म्हणजे बघायचीच गोष्ट’ म्हणणाऱ्यांना

शिक्षकांच्या आणि प्रशिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच: स्लाइड हे बघायचं माध्यम आहे, अंध माणसाला तिचा काय उपयोग? आमच्या वर्गात तर कुणी दिव्यांग नाहीच. सगळ्यांना चालतील अशा स्लाइड्स करायच्या म्हणजे दुप्पट काम, आणि दिसायला बेचव. तसंही आता एआय सगळं करून देतं. आणि ज्याला अडचण असेल त्याने सांगावं की! खाली अंगठ्यांची रांग.

‘बघायचं माध्यम’ इथूनच सुरुवात करू. आपल्या बहुतेक स्लाइड्सवर असतं काय? मजकूर. एनव्हीडीएसारखा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो मजकूर वाचून दाखवतो, मराठीतही. अंध विद्यार्थी फाइल उघडतो, स्लाइडच्या शीर्षकावर जातो, पुढे ऐकत राहतो. मजकूर त्याच्यापर्यंत पोचत नाही तो आपल्या करणीने. पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो काढून स्लाइडवर डकवला की स्क्रीन रीडरच्या लेखी तिथे एक चित्र आहे, बस्स. आणि मराठीत आणखी एक दुखणं आहे: कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांचं. डोळ्यांना ‘महाराज’ दिसतं, पण कृतिदेवच्या फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं: ई, जी, के, जे, के, टी. स्क्रीन रीडर बिचारा तेच वाचतो. असा अख्खा धडा ऐकून बघा एकदा. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टंकलं की हा प्रश्न मुळात उरतच नाही, आणि त्याला जादा वेळही लागत नाही.

ऑनलाइन वर्गात तर आणखी एक गोम आहे. मीटिंगमध्ये आपण स्क्रीन शेअर करतो तेव्हा समोरच्याच्या संगणकावर पोचतं ते नुसतं चलचित्र. स्लाइड कितीही नीट केलेली असो, त्यातलं अक्षरही स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. म्हणून फाइल आधी पाठवायची. आणि बोलताना ‘हे इथे बघा, हा केवढा आणि तो केवढा’ असं न म्हणता ‘घाटमाथ्यावर पाऊस सर्वाधिक, पूर्वेकडे उतरलं की झपाट्याने कमी’ असं म्हणायचं. डोळस मुलांनाही त्यानेच जास्त कळतं. अर्धी मुलं तसंही मोबाइलच्या पाच-सहा इंची पडद्यावर बघत असतात.

‘आमच्या वर्गात कुणी नाही’ हे विधान करायला लोक कचरत नाहीत याचं मला नवल वाटतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. अल्पदृष्टी आणि अध्ययन अक्षमता त्यातच येतात. चेहऱ्यावर यातलं काय लिहिलेलं असतं? लाल-हिरव्याची गल्लत होणारा मुलगा तर त्या यादीतही नसतो, पण तुमचा ‘लाल रेघ म्हणजे तोटा, हिरवी म्हणजे नफा’ हा आलेख त्याला कळत नाही. तो हात वर करून सांगणार नाही. रेघांवर नावं लिहा, झालं.

आता दुप्पट काम. पॉवरपॉइंटमध्ये कोऱ्या स्लाइडवर टेक्स्ट बॉक्स ओढून मोठ्या अक्षरात शीर्षक लिहायची आपल्याला सवय आहे. ते दिसतं शीर्षकासारखं, पण सॉफ्टवेअरला ते शीर्षक वाटत नाही. स्लाइड्सचा नुसता मजकूर ओळीने दाखवणारा आउटलाइन व्ह्यू उघडा: तिथे ते नसतंच. त्याऐवजी लेआउटमध्ये दिलेल्या चौकटीत लिहिलं तर तेवढेच शब्द, तेवढाच वेळ. खरा वेळ जातो दोन गोष्टींत. एक, आधी केलेल्या शंभर स्लाइड्स दुरुस्त करण्यात; हे कबूल, ते काम कंटाळवाणं आहे. दुसरं, चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचं चित्राचं वर्णन, देण्यात. पण तिथेही प्रत्येक फुलापानाचं वर्णन अपेक्षित नाही. शोभेचं चित्र ‘डेकोरेटिव्ह’ म्हणून खूण करून सोडून द्यायचं. आलेखाला मात्र ‘आलेख’ एवढंच लिहून भागत नाही. तो आलेख काय सांगतो ते एका वाक्यात लिहायचं. ते वाक्य सुचत नसेल तर तो आलेख तिथे कशाला आहे, हा प्रश्न स्वतःलाच विचारावा.

बेचव दिसण्याचा मुद्दा फार ताणण्यासारखा नाही. नियम इतकाच की अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान 4.5:1 असावं, मोठ्या अक्षरांना 3:1. गडद निळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर गर्द तपकिरी, काय हवं ते करा. पिवळ्यावर पांढरं तेवढं जात नाही. ते तसंही कुणाला वाचता येत नव्हतं.

एआयबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. आपोआप उमटणाऱ्या कॅप्शनमुळे कमी ऐकू येणाऱ्यांची बरीच सोय झाली आहे. पण आपल्या मराठी-इंग्रजी मिसळलेल्या बोलण्यात नेमक्या संज्ञा आणि विशेषनामं घसरतात, म्हणजे परीक्षेला येणारा भागच. आणि भारतीय सांकेतिक भाषा हीच ज्यांची पहिली भाषा आहे, त्यांना कॅप्शन म्हणजे दुभाषा नव्हे. दुभाष्याला पैसे लागतात, आणि ते संस्थेने द्यायचे असतात. हा बोजा शिक्षकावर टाकू नये, इथवर ग्रुपवरच्या त्या मजकुराशी मी सहमत आहे. पॉवरपॉइंटमधला ‘चेक अ‍ॅक्सेसिबिलिटी’ हा तपासणीचा पर्याय जरूर चालवा. पर्यायी मजकूर राहून गेला असेल तर तो दाखवतो. लिहिलेला मजकूर बरोबर आहे का, हे मात्र त्याला कळत नाही.

राहिलं ‘ज्याला अडचण त्याने सांगावं’. कायद्याचा रोख उलटा आहे: त्याच 2016 च्या अधिनियमाच्या कलम 42 नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम्य, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल अशा, स्वरूपात उपलब्ध होईल यासाठी उपाय करणं हे सरकारचं काम आहे, आणि एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण कायदा बाजूला ठेवला तरी, सांगायचं कधी? तास सुरू झाल्यावर, साठ जणांसमोर माइक चालू करून? फाइल आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकली आणि खाली ‘उघडताना, वाचताना काही अडलं तर मला थेट कळवा’ एवढं लिहिलं, तर सांगायला जागा होते. त्या फाइलची पीडीएफ करायची असेल तर ‘प्रिंट’मधून न करता ‘सेव्ह अ‍ॅज’मधून करा, नाहीतर शीर्षकं आणि चित्रांची वर्णनं वाटेतच गळतात.