टोकोलीला गद्दार म्हणायचं का?

वकील बुडापेस्टहून परत आला होता. त्याने मोबाइलवर हीरोज स्क्वेअरचे फोटो दाखवायला घेतले आणि चहा हातात येण्याआधीच कट्ट्यावर वाजलं. तिथे अर्धवर्तुळात खांब आहेत आणि खांबांमध्ये पुतळे. शेवटच्या पाच जागांवर आधी हॅब्सबर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाच्या घराण्यातले राजे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना उचलून त्यांच्याशी भांडलेली माणसं तिथे बसवली. त्यातलाच एक इम्रे टोकोली, सतराव्या शतकातला हंगेरीचा बंडखोर सरदार.

"हा? हा तर व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्कांचा जोडीदार!" बँकवाला उसळला. "याला कसला हीरो म्हणता?"

मास्तरांनी इतिहास शिकवण्यात उभा जन्म घालवलाय, ते थोडेच गप्प बसणार! "अरे, याचं वय बघ आधी. जन्म १६५७चा. हॅब्सबर्गांविरुद्ध सरदारांनी कट केला, त्यात याच्या बापाचं नाव आलं. १६७०मध्ये हॅब्सबर्ग बादशहाच्या फौजेने आर्वाचा किल्ला वेढला, त्या वेढ्यातच बाप गेला आणि हा पोरगा पोलंडमार्गे ट्रान्सिल्वेनियात पळाला. पुढच्या वर्षी कटाचे म्होरके पेटर झ्रिनी, फ्रांगेपान, नादाश्दी या तिघांची मुंडकी उडवली. बादशहा लिओपोल्डने, तोच हंगेरीचाही राजा, हंगेरीची राज्यघटनाच गुंडाळून ठेवली. प्रोटेस्टंट पाद्र्यांवर खटले भरले आणि कित्येकांना नेपल्सला वल्ही मारायला गुलाम म्हणून धाडलं. १६७६मध्ये डच नौसेनापती डी राउटरने उरलेल्या २६ जणांना सोडवलं. आता सांग, यांनी दाद मागायची कुणाकडे?"

"म्हणून थेट सुलतानाकडे?"

"अरे, हंगेरीचा मधला भाग तर जवळजवळ दीडशे वर्षं तुर्कांच्याच ताब्यात होता," वकील म्हणाला. "बुडात पाशा बसलेला. त्यांच्या लेखी सुलतान म्हणजे शेजारी."

माझा मुद्दा वेगळा होता. तुर्कांची मदत घेतली म्हणून मी टोकोलीला नावं ठेवत नाही. त्याची चूक मला १६८१मध्ये दिसते. बंडखोरांचा, म्हणजे कुरुत्सांचा जोर पाहून लिओपोल्ड नमला. त्याने शोप्रोनला हंगेरीच्या सरदारांची सभा बोलावली, घटना परत दिली, प्रोटेस्टंटांनाही काही सवलती दिल्या. टोकोली तिकडे फिरकला नाही. पुढच्याच वर्षी त्याने झ्रिनीची मुलगी इलोना हिच्याशी लग्न केलं. ती राकोत्सी घराण्याची विधवा, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी, मुन्काचसारखा बेलाग किल्ला हाताशी. या लग्नाला लिओपोल्डने परवानगी दिली होती, तेवढ्याने तरी हा शांत होईल म्हणून! आणि त्याच उन्हाळ्यात हा बुडाच्या पाशाबरोबर बादशाही मुलखावर चालून गेला. फ्युलेकला पाशाने त्याला राजा केलं, वर ४० हजार थालरची (चांदीच्या नाण्यांची) वार्षिक खंडणी बसवली. राजा हा किताब त्याने स्वतः लावला नाही, हे खरं. पण मिटवून घ्यायची संधी हातात होती, ती त्याने घालवली.

"आणि मग १६८३," बँकवाल्याला जोर चढला. "व्हिएन्ना!"

"व्हिएन्नाला तो नव्हताच," मास्तर. "तो पोझोनीकडे गेला, म्हणजे आजचं ब्रातिस्लावा. तिथे लिओपोल्डचा सेनापती लोरेनच्या चार्ल्सने त्याला पिटाळलं. वेढा मोडल्यावर तो घालणाऱ्या वजीर कारा मुस्तफाला सुलतानाने फासाच्या दोरीने मारवलं. आणि टोकोली? १६८५मध्ये वारादच्या पाशाने त्याला बोलावलं, मेजवानी दिली आणि बेड्या घालून सुलतानाकडे पाठवून दिलं."

कट्टा क्षणभर गार. मेजवानी आणि बेड्या!

या अटकेने तुर्कांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. कुरुत्सांनी भराभर बाजू बदलली, काश्शा शहराने बादशाही फौजेला दारं उघडली. उरलं ते मुन्काच. तिथे इलोना १६८८च्या जानेवारीपर्यंत, दोन वर्षांहून जास्त, लढत राहिली. पुतळा खरं तर तिचा हवा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

"पण तुझा तो १६८१चा मुद्दा मला पटत नाही," मास्तर माझ्याकडे वळले. "मिटवून घेतलेल्यांच्या पदरात काय पडलं? १६८७मध्ये एपेर्येशला जनरल काराफाने वीसहून अधिक लोकांचे जीव घेतले. त्याच वर्षी सभेत सरदारांनी राजा निवडायचा हक्क सोडला आणि १२२२पासून चालत आलेला, राजाने कायदा मोडला तर प्रतिकार करायचा हक्कही. शोप्रोनच्या शब्दाची किंमत सहा वर्षं!"

"सहा वर्षं तरी मिळाली ना," मी म्हणालो. "टोकोलीला काय मिळालं? १६९०मध्ये झेर्नेश्तची लढाई जिंकून ट्रान्सिल्वेनियाची गादी, तीही महिनाभरच. १६९९च्या कार्लोवित्स तहानंतर इझमितला हद्दपारी. १७०५मध्ये तिथेच मेला."

"सावत्र मुलगा शहाणा निघाला बघ," बँकवाला म्हणाला. "इलोनाच्या फेरेन्त्स राकोत्सीने बंड केलं तेव्हा तुर्कांच्या नाही, फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भरवशावर केलं."

"हो, आणि १७११मध्ये बंड मोडलं," वकील मोबाइल खिशात टाकत म्हणाला. "म्हातारपण कुठे काढलं त्याने? तुर्कस्तानातच!"