‘जग बदलणारे पाच क्षण’: या फॉरवर्डला मुद्द्याला मुद्दा

गेले तीन आठवडे हा मजकूर सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, नात्यातल्या ग्रुपवर आला आणि शेवटी भाच्यानं पाठवला. भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्यानं खाली लिहिलं होतं, “मामा, एवढं पाठ केलं की जगाचा इतिहास झाला ना?” त्या ओळीनं मला लिहायला बसवलं.

मजकूर थोडक्यात असा. रोम ४७६ साली एका दिवसात पडलं आणि जगात अंधार झाला. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकून मसाल्याची वाट बंद केली, म्हणून युरोपनं समुद्रातून वाट शोधली. गुटेनबर्गनं छपाईचा शोध लावला. जेम्स वॉटनं किटलीचं झाकण उडताना पाहिलं आणि औद्योगिक क्रांती झाली. सारायेवोत एक गोळी सुटली आणि पहिलं महायुद्ध पेटलं. शेवटी ठळक अक्षरांत: “यातला एकही क्षण आपल्याकडे घडला नाही, कारण आपण तेव्हा झोपलो होतो.”

सनावळ्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यातल्या ‘म्हणून’शी, आणि त्या शेवटच्या ओळीशी तर फारच.

“रोम एका दिवसात पडलं.”

४७६ च्या सप्टेंबरात ओडोएकर नावाच्या सेनापतीनं रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवलं. त्याला मारलं नाही, वर्षासन बांधून दिलं आणि दक्षिणेकडे कांपानियात राहायला पाठवलं. दरबार तेव्हा रोममध्ये नव्हताच, राव्हेन्नाला होता. रोममधलं सिनेट त्यानंतरही भरत राहिलं. शहराची लूट म्हणाल तर ती आधीच होऊन गेली होती, ४१० मध्ये गॉथांकडून आणि ४५५ मध्ये व्हँडलांकडून. त्याहून मोठा घाव ४३९ चा. त्या वर्षी व्हँडलांनी कार्थेज घेतलं आणि उत्तर आफ्रिकेचं धान्य आणि कर दोन्ही रोमच्या हातून गेले. तिजोरीत पैसा नाही तिथं सैन्य कोण पोसणार? आणि साम्राज्याचा पूर्वेकडचा भाग पुढं जवळजवळ हजार वर्षं टिकला, तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत. फॉरवर्डच्या दुसऱ्या मुद्द्यातलं कॉन्स्टँटिनोपल ही त्याच रोमची राजधानी, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेलं नाही.

रोम आपल्याला वाटतं तितकं परकंही नाही. बार्शीच्या पुढं तेर आहे, गोरोबाकाकांचं गाव. त्याचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, तिच्यात तगरचं नाव येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं गाव, तिथून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचला जाते, असं तो सांगतो. भडोचहून जहाजं इजिप्तकडं आणि पुढं माल रोमला. आपल्या उशाशी असलेल्या गावातलं कापड रोमन बाजारात जात होतं, आणि आपल्याच पोरांना आपण सांगतोय की आपला काही संबंध नाही.

“तुर्कांनी वाट बंद केली म्हणून समुद्रमार्ग शोधला.”

हा मुद्दा शाळेत मीही असाच लिहून मार्क घेतलेत. पण सनावळी मांडून बघा. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतलं सेउटा घेतलं १४१५ मध्ये. बोजादोर भूशिराला वळसा घालून त्यांची जहाजं दक्षिणेला गेली १४३४ मध्ये. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या एकोणीस वर्षं आधीच ते त्या वाटेला लागले होते. त्यांना आफ्रिकेचं सोनं हवं होतं, गुलाम हवे होते, मुसलमान सत्तांच्या पलीकडे कुणी ख्रिस्ती राजा मिळतो का ते बघायचं होतं. मिरी, लवंग यांचा मोठा व्यापार तांबड्या समुद्रातून कैरो आणि अलेक्झांड्रियामार्गे चाले, आणि इजिप्त १५१७ पर्यंत तुर्कांच्या ताब्यात नव्हतंच, मामलुक नावाच्या वेगळ्या सुलतानांकडे होतं. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला तेव्हाही व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियात मिरी घेत होते. पुढं इजिप्त तुर्कांकडे गेल्यावरही सोळाव्या शतकाच्या मध्याला त्या वाटेचा व्यापार पुन्हा जोरात आला. जकात मिळत असताना कुठला सुलतान वाट बंद करेल? आणि गामाला अरबी समुद्र पार करून आणणारा वाटाड्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीत मिळाला. आपल्या किनाऱ्यावरची माणसं ती वाट पिढ्यान्पिढ्या ये-जा करून जाणत होती.

“गुटेनबर्गनं छपाईचा शोध लावला.”

इथं फार थांबत नाही. चीनमध्ये लाकडी ठशांनी छापलेल्या वज्रसूत्र या बौद्ध ग्रंथाच्या प्रतीवर ८६८ सालाची तारीख आहे. अक्षरांचे सुटे खिळे बी शेंगनं १०४० च्या सुमारास भाजलेल्या मातीचे केले. कोरियात धातूच्या खिळ्यांनी १३७७ मध्ये छापलेलं पुस्तक आजही शिल्लक आहे. गुटेनबर्गचं श्रेय मोठंच आहे, पण ते वेगळं: हातसाच्यात झटपट ओतता येणारे धातूचे खिळे, तेलाची शाई आणि दाबयंत्र, या तिन्हींची त्यानं घातलेली सांगड. गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये.

“वॉटनं किटली पाहिली आणि औद्योगिक क्रांती झाली.”

इथं मात्र मला थांबायचंय, कारण ही गोष्ट आमच्या घरातली आहे.

माझ्या टेबलावर वडिलांचा धोटा असतो. ते मिलच्या साळखात्यात, म्हणजे विणायच्या खात्यात होते. लाकडाचा, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकं लोखंडी, मधल्या खोबणीत सुताची कांडी बसते. हात लागून लागून लाकूड काळंभोर आणि गुळगुळीत झालंय. लहानपणी मी तो फरशीवर घसरवत खेळायचो आणि आई ओरडायची, टोक पायात घुसेल म्हणून.

जुन्या हातमागावर विणकर धोटा एका हातानं फेकायचा आणि दुसऱ्या हातानं झेलायचा. त्यामुळं दोन हात पोचतील तेवढाच कापडाचा पन्हा. मोठा पन्हा हवा तर मागावर दोन माणसं. १७३३ मध्ये जॉन के यानं दोरीला झटका दिला की धोटा आपोआप या टोकाहून त्या टोकाला धावेल अशी सोय केली. एकट्या माणसाच्या हातून रुंद कापड भराभर निघू लागलं आणि सूत पुरेना. एका मागामागं किती बायका चरख्यावर बसणार! त्या टंचाईतून हरग्रीव्ह्जची एकाच वेळी अनेक चात्या फिरवणारी जेनी आली १७६४ च्या सुमारास, आर्कराइटचं सूत कातायचं यंत्र १७६९ मध्ये, क्रॉम्प्टनचं म्यूल १७७९ मध्ये. मग उलटं झालं. सूत उदंड आणि विणणारे कमी. म्हणून १७८५ मध्ये कार्टराइटचा यंत्रमाग. आर्कराइटची क्रॉमफर्डची गिरणी १७७१ मध्ये उभी राहिली ती वाहत्या पाण्यावर. वाफ तिथं नव्हतीच.

आणि वाफेचं इंजिन? न्यूकोमेनचं इंजिन १७१२ पासून कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसत होतं, वॉटच्या जन्माच्या चोवीस वर्षं आधीपासून. ग्लासगो विद्यापीठातलं त्याचंच एक छोटं मॉडेल १७६३-६४ च्या हिवाळ्यात वॉटकडे दुरुस्तीला आलं. त्याच्या लक्षात आलं की दर फेऱ्याला सिलिंडर तापवायचा आणि परत गार करायचा यात बहुतेक वाफ वाया जातेय. वाफ गार करायला वेगळं भांडं जोडायचं त्याला सुचलं १७६५ मध्ये. पेटंट १७६९ चं, आणि गिऱ्हाइकाकडे इंजिन चालू झालं १७७६ मध्ये. मधल्या काळात भागीदार बोल्टनचा पैसा लागला, आणि विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदारानं तोफा कोरायच्या यंत्रावर सिलिंडर नीट गोल कोरून दिला तेव्हा कुठं त्यातून वाफ गळायची थांबली. किटलीच्या गोष्टीत बोल्टन नाही, विल्किन्सन नाही, न्यूकोमेन नाही.

मुळात इंग्लंडला सुती कापडाचं वेड लावलं कुणी? आपल्या विणकरांनी. हिंदुस्थानी छापील सुती कापड तिथं इतकं खपू लागलं की लोकर आणि रेशीमवाल्यांनी आरडाओरडा केला, आणि १७०० आणि १७२१ मध्ये पार्लमेंटला कायदे करून ते अडवावं लागलं. ज्यांचं कापड कायद्यानं थांबवावं लागलं, ते झोपलेले कसे? आपल्या मालाची बरोबरी करायच्या धडपडीतूनच तिथली यंत्रं घडत गेली. त्या यंत्रांना कापूस पुरवला अमेरिकेतल्या गुलामांनी. हेही फॉरवर्डमध्ये नाही.

याच मुद्द्यात आपल्या सोलापुरी चादरीचं सांगतो. पूर्व भागातल्या एखाद्या जुन्या कारखान्यात जाऊन जेकार्डखाली, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राखाली उभं राहा. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. एक पुठ्ठा म्हणजे धोट्याच्या एका फेरीचा हुकूम. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, तो धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. चादरीवरचा मोर या भोकांतून उतरतो. १८०४ मध्ये लियाँच्या जाकारनं हे यंत्र पुरं केलं, पण तिथंच बुशाँनं १७२५ मध्ये भोकं पाडलेला कागद वापरून पाहिला होता. पुढं बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणनयंत्रासाठी हेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं, आणि होलेरिथनं १८९० ची अमेरिकेची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली. भाच्याच्या हातातल्या मोबाइलचा एक पूर्वज अशोक चौकाच्या आसपास कुठंतरी खडखडत असेल.

“एका गोळीनं महायुद्ध झालं.”

गोळ्या दोन होत्या. ऑस्ट्रियाचा राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांड याच्याबरोबर त्याची पत्नी सोफीही गेली. हत्या २८ जून १९१४ ची. ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मध्ये सदतीस दिवस गेले. त्या दिवसांत जर्मनीनं ऑस्ट्रियाला वाटेल ते करा, आम्ही पाठीशी आहोत असा शब्द दिला. ऑस्ट्रियानं हत्येचा ठपका ठेवून २३ जुलैला सर्बियाला मुद्दाम न पाळता येण्याजोग्या अटी घातल्या, रशियानं सैन्य गोळा करायला घेतलं, आणि जर्मनीची चढाई आधी ठरलेल्या रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे बेल्जियममधून सुरू झाली. यातल्या प्रत्येक पायरीवर माणसं होती आणि त्यांना नाही म्हणता आलं असतं. १९०८ मध्ये बोस्नियावरून, १९११ मध्ये मोरोक्कोवरून, १९१२-१३ मध्ये बाल्कन लढायांवरून अशीच वेळ आली होती आणि महायुद्ध टळलं होतं. सगळं गोळ्या झाडणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पिस्तुलावर टाकलं की मंत्री आणि सेनापती मोकळे सुटतात.

या युद्धाला लागून आलेली १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ यादीत कुठं आहे? एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. तिला एक तारीख नाही, एक नायक नाही, म्हणून ती ‘क्षण’ ठरत नाही.

आता ती शेवटची ओळ. आपण झोपलो होतो.

सोलापूरला आगगाडी आली १८६० मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस अडकला, आणि मँचेस्टरच्या गिरण्या आपल्या कापसासाठी धावल्या. भाव आकाशाला भिडला, युद्ध संपताच १८६५ मध्ये कोसळला. त्या चढउताराच्या पाठोपाठ १८७० च्या दशकात आपली ‘जुनी मिल’ उभी राहिली. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून आले, आणि हे गाव आजचं सोलापूर झालं.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली तेव्हा इथले गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. ८ तारखेला गोळीबार झाला, त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही, आणि १२ तारखेला सरकारला मार्शल लॉ लावावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. भाचा रोज क्लासला जाताना त्या चौघांच्या पुतळ्यांपुढून जातो.

आणि १९३८ मध्ये, युरोपातलं दुसरं महायुद्ध सुरूही झालं नव्हतं तेव्हा, जपानी हल्ल्यात होरपळणाऱ्या चीनला हिंदुस्थानातून पाच डॉक्टर निघाले. त्यातले द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. ते चिनी भाषा शिकले, आघाडीवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या, तिथल्या एका रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच गेले. वय बत्तीस. त्यांच्या इथल्या घराचं आता स्मारक झालंय. येत्या रविवारी भाच्याला तिथं घेऊन जातोय.